वीज जाते तेथे मोठी फाइल पाठवताना

देवगडहून पुण्यातील घरच्या संगणकावर ४० जीबीचे चित्रीकरण कसे पाठवावे, या आपल्या प्रश्नात डाउनलोडचा नव्हे, तर अपलोडचा वेग निर्णायक आहे. तो १० एमबीपीएस असल्यास अखंड सुमारे ९ तास लागतील. पावसाळ्यात आपल्याकडे एवढा वेळ वीज टिकणे कठीण, म्हणून मी मालवणहून ‘सिंकथिंग’ हे एका संगणकावरून दुसऱ्यावर थेट फाइली पाठवणारे सॉफ्टवेअर वापरतो. ते फाइलचे तुकडे करून पाठवते आणि वीज परतल्यावर पोहोचलेले तुकडे वगळून फक्त उरलेले पाठवते. गेल्या श्रावणात दशावताराच्या आमच्या जुन्या कॅसेटींचे चित्रीकरण चार वेळा वीज जाऊनही तिसऱ्या दिवशी भावाकडे सुखरूप पोहोचले. मात्र दोन्ही संगणक एकाच वेळी सुरू हवेत, हे भावाला आधीच बजावावे लागले.