टाच टेकवत नाही आणि ओटा सोडवत नाही

पोळीवाली_डोंबिवली:
सकाळी पलंगावरून उजवा पाय खाली टेकवला की ब्रह्मांड आठवतं. न्हाणीपर्यंत भिंत धरून जाते, चार पावलं झाली की सुटतं. दुपारी जरा बसून उठले की परत तेच. माझं पोळीभाजी केंद्र आहे, पहाटेपासून लादीवर उभी, तीही अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चप्पल सासूबाईंना खपत नाही. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं. शेजारच्या काकू म्हणतात, ऑपरेशनशिवाय हे जात नाही. खरं का? 'उभं राहू नका' एवढं सोडून काहीही सांगा.

निवृत्त_हवालदार:
ताई, आमची अख्खी नोकरी नाक्यावर उभ्यानं गेली. वीट तापवायची, वर रुईचं पान, त्यावर टाच. रात्री मस्त उतारा पडतो.

फिजिओ_मिरज:
ताई, वाढलेल्या हाडाचा धसका घेऊ नका. कधीच टाच न दुखलेल्यांच्या एक्स-रेतही ते सापडतं. दुखतोय तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून पाय खाली टेकवायच्या आधीच तो दुसऱ्या मांडीवर घ्या आणि बोटं नडगीकडे ओढा. तळव्यात ताठलेला पट्टा हाताच्या अंगठ्याला लागेल. 10 आकडे मोजा, सोडा, असं 10 वेळा.

पोटऱ्याही आखडलेल्या असणार. ओट्याला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच लादीला चिकटलेली, आणि पुढे झुका. 30 सेकंद. तवा तापेपर्यंत दोन-तीनदा होतं. दुखणं थोडं उतरलं की जिन्याच्या पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा सावकाश वर-खाली करा, एक दिवसाआड. संध्याकाळी पाणी गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवा, मध्ये पातळ फडकं घेऊन.

पायाखाली जाड रबरी मॅट हवीच. बहुतेकांचं वर्षाच्या आत ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण आठवड्याभरात नाही. मुंग्या, बधिरपणा, सूज किंवा झोपेतही ठणका असेल तर डॉक्टर गाठा.

काका, शेक घ्या, पण मधुमेह असलेल्यांना सांगू नका. त्यांच्यातल्या अनेकांना पाय भाजलेला कळतच नाही. आणि रुईचा चीक डोळ्यापासून लांब!

पोळीवाली_डोंबिवली:
उंबऱ्याबाहेर कधीच न गेलेली कोरी चप्पल असेल तर चालेल म्हणाल्या सासूबाई, देव्हाऱ्यापाशी मात्र काढायची. एवढ्यावर सुटले! आता एकच, मार्गशीर्षात लग्नाच्या ऑर्डरी आहेत. तोवर इंजेक्शन घेऊन टाकू का?

फिजिओ_मिरज:
स्टिरॉइडनं काही आठवडे बरं वाटतं, पण क्वचित पट्टा फाटतो, टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते. व्यायाम नेटानं करूनही जमलं नाही तरच डॉक्टरांशी बोला. तोवर उंच स्टूल आणा. लाटणं बसून, भाजणं उभ्यानं.