मुंबईहून माथेरान एका दिवसात: वयस्कर आई आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर असताना जमेल का?

पारिजात (गोरेगाव)

नमस्कार. माझे वडील गेली दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांच्या शुश्रूषेत आई घराबाहेर पडली ती केवळ दवाखान्यासाठी आणि बँकेसाठी. परवा उकाड्याने हैराण होऊन ती सहज म्हणाली, "कुठे तरी झाडाखाली गार वाऱ्यात नुसतं बसावंसं वाटतं." वडिलांकडे येणाऱ्या मावशी एक दिवस सकाळी सात ते रात्री नऊपर्यंत थांबायला तयार आहेत, त्यामुळे माझ्या हाती नेमके चौदा तास आहेत आणि मुक्कामाचा प्रश्नच उद्भवत नाही.

महाबळेश्वर एवढ्या वेळात होणार नाही, हे उघड आहे. लोणावळ्याच्या वाटेवर एका रविवारी आम्ही घाटात तीन तास मोटारीत बसून काढले आहेत, त्यामुळे तिकडे जाण्याची इच्छा उरलेली नाही. राहता राहिले माथेरान. तिथे मी लहानपणी एकदा गेले होते आणि त्या सहलीतले मला फक्त गाडीची शिट्टी आणि लाल झालेले मोजे आठवतात. आईचे वय ६९ आहे. सपाट रस्त्यावर ती अर्धा तास बरी चालते, परंतु उजवा गुडघा जिने चढताना कुरकुर करतो. मुलीला काहीही करून डोंगर चढणाऱ्या "छोट्या गाडीत", म्हणजे टॉय ट्रेनमध्ये, बसायचे आहे. एवढ्या सगळ्यांचे मन राखून रात्री नऊच्या आत घरी परतणे शक्य आहे का, आणि मे महिन्यात तिथे खरोखर गारवा असतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नेरळचा_जावई

ताई, जमेल, परंतु एका अटीवर: पॉइंट मोजत फिरायचे नाही. माझी सासुरवाडी माथेरानच्या पायथ्याच्या नेरळची असल्याने गेली वीस वर्षे मी ही वाट वरखाली करतो आहे. एका दिवसात माथेरान उरकायला निघालेली माणसे संध्याकाळी नेरळच्या फलाटावर ज्या चेहऱ्याने बसलेली असतात, तो चेहरा आपल्या आईचा होऊ नये म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या प्रवासात वेळ अंतरापेक्षा बदलाबदलीत अधिक जातो. लोकल, टॅक्सी, पुन्हा छोटी गाडी किंवा पायपीट, अशी प्रत्येक ठिकाणची पंधरा-वीस मिनिटे जमेस धरली, की दोन तास कुठे गेले ते कळत नाही. म्हणून पहिला सल्ला असा, की रविवार सोडून मधल्या वारी निघावे. रविवारी मेगाब्लॉकमुळे कर्जतच्या गाड्यांचा भरवसा नसतो आणि वर गर्दीही उसळलेली असते. मधल्या वारी मात्र आपण गर्दीच्या उलट्या दिशेने जातो: सकाळी कर्जतकडे जाणारी लोकल बरीच रिकामी असते आणि संध्याकाळी मुंबईकडे येणारीही तशीच.

गोरेगावहून दादरला जाऊन पूल ओलांडण्यापेक्षा, गोरेगाव पूर्वेहून मेट्रोने गुंदवली, तिथून पादचारी पुलाने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकात येऊन दुसऱ्या मेट्रोने घाटकोपर, आणि घाटकोपरला थांबणारी कर्जत किंवा खोपोली लोकल, असा मार्ग धरावा. आईच्या गुडघ्याला सरकते जिने मिळतील आणि सकाळच्या चर्चगेटकडच्या गर्दीत तिला लोटावे लागणार नाही. सातला घर सोडले तर दहाच्या सुमारास नेरळला पोहोचता येते.

आता छोट्या गाडीविषयी. नेरळ ते माथेरान हे जेमतेम २१ किलोमीटरचे अंतर ती अडीच तासांहून अधिक वेळ घेऊन चढते, आणि त्यात गाडीचा काही दोष नाही. दोन फूट रुंदीचा रूळ, वीस फुटांना एक फूट असा चढ आणि घोड्याच्या नालासारखी वळणे असताना ती सायकलच्याच वेगाने जाणार. १९०४ ते १९०७ या काळात आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून हा मार्ग उभा राहिला, तेव्हा तो एका दिवसात परतणाऱ्यांसाठी बांधलेला नव्हता. आपल्या मुलीची हौस शटलवर भागवावी. नेरळ स्थानकाबाहेरून सहआसनी टॅक्सीने साधारण अर्ध्या तासात दस्तुरी नाक्यावर, म्हणजे मोटारी जिथे थांबतात तिथे, यावे आणि तिथल्या अमन लॉज स्थानकातून शटलने माथेरानच्या बाजारापर्यंत जावे. डबे तेच, रूळ तोच, आणि वेळ फार तर वीस मिनिटे. टॅक्सीचा घाट अंगावर येणारा आहे, तेव्हा मुलीला मधल्या रांगेत खिडकीशी बसवावे आणि आवळासुपारी हाताशी ठेवावी.

वर गेल्यावर एकच बाजू निवडावी. माझे मत शार्लोट तलावाच्या बाजूला आहे. बाजारातून तिकडे जाणारा रस्ता मातीचा, बराचसा सावलीचा आणि फारशा चढउताराचा नाही. वाटेत पेमास्टर पार्कमध्ये बसता येते, आणि तलावाच्या काठी माथेरानचे ग्रामदैवत पिसरनाथाचे देऊळ आहे. याच तलावातून गावाला पिण्याचे पाणी मिळते, त्यामुळे त्यात उतरायचे नसते. देवळाजवळ आईला बसवून आपण आणि मुलीने एको पॉइंटपर्यंत जाऊन यावे. पॅनोरमा पॉइंट या खेपेला सोडावा: तो दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याची खरी शोभा सूर्योदयाची आहे.

चार वाजता बाजार सोडायचा, ही वेळ मात्र दगडावरची रेघ समजावी.

वाटसरू_७८०

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तथापि गारव्याविषयी कोणी काही बोलले नाही, आणि ताईंच्या आईंना तर गारवाच हवा आहे.

माथेरानची उंची साधारण ८०० मीटर आहे. हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते असे ढोबळमानाने धरले, तर पायथ्यापेक्षा वर पाच अंशांचा फरक पडतो. मे महिन्यातल्या भर दुपारी हा फरक उघड्या कड्यावर उभे राहून जाणवत नाही. कातळ तापलेला असतो, समोर धुरकट हवा असते, प्रबळगड नीट दिसत नाही आणि माणूस चिडतो. माथेरानचा खरा गारवा सूर्य मावळल्यानंतरचा आणि पहाटेचा आहे, आणि नेमके हेच तास एका दिवसात परतणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत.

असे असूनही मी जा असेच सांगेन, कारण माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, आणि उन्हाळ्यात उपयोगी पडते ते रानच. जांभूळ, अंजन, हिरडा अशा झाडांचे छत्र मे महिन्यातही दाट असते, आणि वर मोटारी नसल्यामुळे डांबराची धग आणि इंजिनांचा धूरही नाही. मुंबईतला घाम वाळत नाही, तो इथे वाळतो. हा फरक तापमापकावर फारसा दिसला नाही तरी अंगाला लगेच कळतो. फक्त बारा ते तीन या वेळात झाडीच्या बाहेर पडू नये. नेरळच्या जावयांनी लुईझा पॉइंटचे नाव घेतले नाही ते बरे केले. तो पसारा हिवाळ्यात पाहावा.

निवडीला वाव असेल, तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंद ठेवतात आणि फक्त वरचे शटल चालते, ढग इतके खाली उतरतात की पॉइंट दिसतच नाहीत, आणि भिजलेल्या लाल मातीवरून सत्तरीच्या बाईंना चालवणे मला धोक्याचे वाटते.

मीनल_ठाणेकर

मी सासूबाईंना घेऊन गेल्या वर्षी असाच एक दिवस काढला, म्हणून दस्तुरी नाक्यापुरते लिहिते. टॅक्सीतून उतरताच एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी अत्यंत आदराने सांगितले, की आज शटल बंद आहे, ई-रिक्षाही नाही, आणि आजींना चालवणार नसेल तर घोडा घ्यावाच लागेल. सासूबाई आयुष्यात घोड्यावर बसलेल्या नव्हत्या. आम्ही दोन घोडे ठरवले, सासूबाईंना चौघांनी उचलून बसवले, आणि पाच मिनिटे पुढे जातो तोच शेजारच्या रुळावरून शटल शिट्टी देत निघून गेले. त्यातल्या एका मुलाने सासूबाईंना हात हलवून दाखवला. त्या अजूनही हा प्रसंग पाहुण्यांना सांगतात, पण तेव्हा त्यांच्या कमरेने आठ दिवस दाद दिली नव्हती.

त्या एका माणसावरून घोडेवाल्यांना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. आमचा घोडेवाला सभ्य होता आणि लबाडी त्या मध्यस्थाची होती. दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल होते, या कारणावरून माथेरानमधल्या लोकांनीच २०२५ च्या मार्चमध्ये गाव बंद ठेवले होते, म्हणजे त्रास त्यांनाही आहे. आपण एवढेच करावे, की उतरल्यावर कोणाशीही न बोलता प्रवेशकराची पावती घ्यावी आणि सरळ अमन लॉजच्या तिकीट खिडकीवर जाऊन स्वतः विचारावे.

शटलचे तिकीट मिळाले नाही, तर ई-रिक्षा पाहावी. २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील असल्यामुळे मोटारी दस्तुरीपुढे जात नाहीत. ई-रिक्षाही सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्रायोगिक तत्त्वावर आल्या. त्या मोजक्याच असतात आणि रांग लागते. माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांच्या भरवशावर राहू नये. दोन्ही साधने हुकली, तर रुळाच्या कडेने बाजारापर्यंत अडीच किलोमीटरांच्या आसपास चालावे लागते. ते आपल्या आईंना जड जाईल, परंतु थांबत थांबत गेल्यास अशक्य नाही.

आणि माकडांपुढे प्लॅस्टिकची पिशवी हातात धरू नये. पिशवीत काय आहे याची ती चौकशी करत नाहीत.

नेरळचा_जावई

मीनलताईंचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. एक पुस्ती जोडतो: वर पोहोचल्याबरोबर परतीच्या शटलची वेळ फलकावर पाहून घ्यावी आणि चारची रेघ त्यानुसार मागेपुढे करावी. खाली नेरळला सहाच्या आत पोहोचलात, तर मुंबईकडची एखादी लोकल चुकली तरी नऊची वेळ सांभाळता येते.

पारिजात (गोरेगाव)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही बुधवारी जाऊन आलो आणि रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी घरी होतो, म्हणून हिशेब देणे माझे कर्तव्य समजते.

मेट्रोचा मार्ग अचूक ठरला. घाटकोपरला बसायला जागा मिळाली आणि वांगणीनंतर आई खिडकीतून डोंगर मोजू लागली. दस्तुरीवर आम्हालाही एकाने शटल बंद असल्याचे सांगितले, मुलीनेच त्याला "मग ती शिट्टी कोणाची?" असे विचारले आणि विषय संपला. तिकिटे मात्र पुढच्या फेरीची मिळाली, त्यामुळे पाऊण तास फलाटावर गेला. तो वाया गेला असे वाटले नाही, कारण गारव्याची पहिली झुळूक आईला तिथेच लागली आणि तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला.

वाटसरूंनी सांगितल्याप्रमाणे उन्हात उभे राहिल्यावर मुंबईच आठवत होती. पेमास्टर पार्कच्या पुढे झाडी दाटली तेव्हा फरक कळला. देवळाजवळच्या एका झाडाखाली आई दोन तास बसली. ती काही बोलली नाही, जपही केला नाही, डबा खाल्ला आणि पाय पसरून बसून राहिली. आम्ही एको पॉइंटला जाऊन मुलीच्या बाबांचे नाव दरीत ओरडून आलो. परतताना तिला फांद्यांमध्ये शेकरू दिसले, तांबूस पाठीचे आणि स्वतःपेक्षा लांब शेपटीचे. त्यानंतर शटलचे कौतुक दुय्यम झाले. माकडांनी आमची चिक्की नेली, तीही कापडी पिशवीतून, त्यामुळे त्या बाबतीत प्लॅस्टिक आणि कापड यांत ती भेद करत नाहीत असे दिसते. वडिलांसाठी बाजारातून पुन्हा चिक्की घ्यावी लागली.

एकच अडचण शिल्लक आहे. आईच्या पांढऱ्या सुती साडीचा काठ तळाशी वीतभर लाल झाला असून तो दोन धुण्यांनंतरही निघालेला नाही. कोणाला काही उपाय ठाऊक आहे का?

मीनल_ठाणेकर

माती ओली असताना साबण लावला असेल, तर ती धाग्यात बसली असणार. पुढच्या वेळी काठ पूर्ण वाळू द्यावा, कोरड्या ब्रशने झटकावा आणि मगच पाणी दाखवावे. आत्ता मात्र काठावर लिंबू आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवून पाहा. माझ्या सासूबाईंच्या साडीचा डाग तेवढ्याने फिकट झाला, पण पूर्ण गेला नाही.