मदत हवी आहे: पीव्हीटी रिपोर्टमधला बबल पॉइंट रिझर्व्हॉयरच्या दाबापेक्षा जास्त आलाय

चोक_२४
तेलाच्या विहिरीचा पीव्हीटी (दाब-आकारमान-तापमान तपासणीचा) रिपोर्ट आलाय आणि तो पटत नाहीये. माहिती अशी:

परफोरेशनच्या (तेल आत येण्यासाठी पाडलेल्या छिद्रांच्या) मध्यावर रिझर्व्हॉयरचा (तेलसाठ्याच्या खडकाचा) स्थिर दाब ३८६० पीएसआय, तापमान ११८ अंश से. सॅम्पल टेस्ट सेपरेटरवरून (तेल-वायू वेगळे करणाऱ्या भांड्यावरून) घेतलं, ३२० पीएसआय गेज आणि ४६ अंशांवर. चोक (प्रवाह आवळणारं छिद्र) २४/६४ इंच, तेल ११५० बॅरल रोज, तळाचा वाहता दाब ३४५० पीएसआय. फील्ड शीटवर जीओआर (तेलाच्या बॅरलमागे वायू) ८९० घनफूट. टाकीतलं तेल ३६ एपीआय (घनतेचं माप).

लॅबने तेल आणि वायू पुन्हा एकत्र करून बबल पॉइंट (ज्या दाबाखाली तेलातून वायू सुटू लागतो) काढला तो ४१८० पीएसआय. म्हणजे रिझर्व्हॉयरच्या दाबापेक्षा ३२० ने जास्त! लॅब म्हणते मोजणी बरोबर आहे. बाटल्या गळक्या होत्या का? की लॅबला रिझर्व्हॉयरच्या दाबावरच बबल पॉइंट जुळवून द्यायला सांगावं?

गाळखडक
जुळवून अजिबात घेऊ नका. तेलाच्या डोक्यावर वायूची टोपी आहे हे लॉगवरून किंवा दाबांच्या मोजणीतून सिद्ध असेल, तरच संपर्कपातळीवरचं तेल तिथल्या दाबाला संपृक्त (मावेल तितका वायू विरघळलेलं) धरून तसं करतात. एरवी उत्तर आधी ठरवून गणित लिहिल्यासारखं होतं.

टोपी आहे का? फॉर्मेशन टेस्टरचा (विहिरीत सोडून खडकातला दाब मोजणाऱ्या उपकरणाचा) ग्रेडियंट, म्हणजे खोलीनुसार वाढणारा दाब, आहे का?

बाटलीचं म्हणाल, तर तेलाची बाटली गळली की वायू निसटतो आणि बबल पॉइंट कमी येतो. तुमची तक्रार उलटी आहे. जास्त आलाय म्हणजे वायू जास्त पडलाय. तो कुठून आला ते शोधा.

चोक_२४
टोपी नाही. २२ मीटरच्या स्तंभात पाच बिंदू आहेत, ग्रेडियंट ०.९२ पीएसआय प्रति मीटर. टेस्टरने फक्त दाब घेतले, सॅम्पल नाही.

बॅरल_कुठलं
८९० घनफूट हे कुठल्या बॅरलमागे? टाकीतल्या की सेपरेटरमधल्या?

हे आधी विचारतोय कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. फील्डचे लोक टाकीतल्या बॅरलमागे जीओआर लिहितात, कारण तेल तिथे मोजलं जातं. लॅबच्या हातात मात्र सेपरेटरचं तेल असतं, दाबाखालचं, वायू विरघळलेलं. त्याचं एक बॅरल टाकीत गेलं की आकसतं. शीटवर श्रिंकेजचा (या आकसण्याचा) आकडा असेल, तो सांगा.

सोबत वायूच्या गणितात ग्रॅव्हिटी (हवेच्या तुलनेत घनता) आणि झेड (आदर्श वायूपासूनचं विचलन दाखवणारा गुणक) काय धरलं होतं, आणि लॅबच्या विश्लेषणात काय निघालं, तेही लिहा. बाटल्या उघडतानाचे दाबही द्या.

चोक_२४
लॅबला फोन केला. ८९० हा टाकीतल्या बॅरलमागे होता, त्यांनी सेपरेटर बॅरल समजून वापरला. 🤦 शीटच्या शीर्षकात नुसतं "जीओआर" लिहिलंय.

श्रिंकेज ०.९०. ऑरिफिसच्या (वायू मोजणाऱ्या मीटरच्या) गणितात ग्रॅव्हिटी ०.६५ आणि झेड १ धरला होता. लॅबचं विश्लेषण: ग्रॅव्हिटी ०.७४, सेपरेटरच्या स्थितीला झेड ०.९४.

तेलाच्या तीन बाटल्या, ४६ अंशांवर बबल पॉइंट ३१२, ३०८ आणि २३१ पीएसआय गेज. लॅबने पहिली वापरली.

बॅरल_कुठलं
मग हिशेब करू.

८९० × ०.९० = ८०१ घनफूट प्रति सेपरेटर बॅरल.

ऑरिफिस मीटरचा प्रवाह ग्रॅव्हिटी आणि झेड यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दुरुस्ती √(०.६५/०.७४) = ०.९३७ आणि √(१/०.९४) = १.०३१, गुणाकार ०.९६७. यातले दोन घटक एकमेकांविरुद्ध ओढतात, म्हणून फक्त एकच सुधारून थांबू नका.

८०१ × ०.९६७ = ७७४. लॅबने ८९० वापरला, म्हणजे वायू १५ टक्के जास्त घातला गेला. बाटलीपाशी पाहिलं तर १०० सीसी सेपरेटर तेलाला प्रमाणित स्थितीतला १३.८ लिटर वायू हवा होता, पडला १५.९ लिटर.

परिणाम किती? स्टँडिंगच्या सूत्रानुसार बबल पॉइंट ढोबळमानाने एकूण विरघळलेल्या वायूच्या ०.८३ व्या घाताप्रमाणे बदलतो. ८९० आणि ७७४ ला ०.९० ने भागून टाकीतल्या बॅरलमागे आणलं आणि टाकीत सुटणारा वायू ८० घनफूट धरला, तर एकूण प्रमाण १०६९ वरून ९४० वर येतं आणि ४१८० चे साधारण ३७६० होतात. रिझर्व्हॉयरच्या खाली, शंभरेक पीएसआयने. अंदाजच आहे हा, लॅबला पुन्हा मोजायला लावा.

बाटल्यांबद्दल: सेपरेटरच्या तेलाचा बबल पॉइंट सेपरेटरच्या तापमानाला सेपरेटरच्याच दाबाजवळ यायला हवा, कारण ते तिथे वायूशी समतोलात होतं. ३१२ आणि ३०८ ठीक. २३१ वाली बाजूला काढा. ती भरताना व्हॉल्व झटकन उघडून दाब पडला असेल किंवा नंतर गळली असेल.

गाळखडक
घनतेची पडताळणीही करून घ्या. ०.९२ पीएसआय प्रति मीटर म्हणजे ०.६४७ ग्रॅम प्रति सीसी. रिपोर्टमधली रिझर्व्हॉयरच्या दाबाजवळची घनता त्याहून खाली, ०.६२ च्या आसपास असेल, तर जास्तीच्या वायूचा आणखी एक पुरावा मिळाला. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. २२ मीटरमध्ये या दोन घनतांतला फरक जेमतेम ०.८ पीएसआयचा पडतो, आणि खोलीची चूकच तेवढी निघू शकते.

चोक_२४
रिपोर्टमध्ये ०.६२१ आहे. 🙂 म्हणजे प्रश्न सुटला?

तळाचा_माणूस
आकड्याचा सुटला. सॅम्पलचा नाही.

वाहता दाब ३४५०, सुधारलेला बबल पॉइंट ३७६०. सॅम्पल घेताना विहिरीच्या आसपास तीनशे पीएसआय बबल पॉइंटखालीच होते. तिथे वायू सुटला. सुरुवातीला तो खडकात अडकून राहतो आणि वर येणारं तेल वायूला कमी पडतं. खडकात वायूचा वाटा वाढला की वायू तेलाच्या पुढे पळायला लागतो आणि जीओआर फुगतो. दोन्हीत सेपरेटरचं गुणोत्तर मूळ तेलाचं राहत नाही. लॅबने कितीही नीट मोजलं तरी ते दुरुस्त होणार नाही.

लहान चोकवरचा जीओआर आहे का?

चोक_२४
१६/६४ वर ८४५, त्याच पद्धतीने मोजलेला.

तळाचा_माणूस
म्हणजे चोक वाढवल्यावर जीओआर वाढला. मोकळा वायू येत असल्याचा संशय इथेच बळावतो. ८४५ ला तीच दुरुस्ती लावली की बबल पॉइंट ३६०० च्या घरात येतो. खरा आकडा या दोघांच्या मध्ये किंवा थोडा खालीही असेल. मी तरी रिझर्व्ह काढायला यातला कुठलाच वापरणार नाही. तळाचं सॅम्पल घ्या.

आधी विहीर शांत करा. चोक १६ वरून १२, मग ८, दर टप्प्यावर जीओआर स्थिर होईपर्यंत. घाई करायची नाही, आसपासचं बिघडलेलं तेल उपसून मागचं ताजं तेल यायला हवं. तुमचा पीआय (दाबाच्या दर पीएसआय घटीला रोजचे बॅरल) ११५०/४१०, म्हणजे २.८. दाबाची घट साठच्या आत ठेवायची तर प्रवाह १७० बॅरलच्या आत. इतक्या कमी प्रवाहावर विहीर ढेकरा देऊ लागली तर ती बंद करून सॅम्पल घ्या.

सॅम्पलर सोडण्याआधी ग्रेडियंट सर्व्हे (खोलीनुसार दाबाची मोजणी) हवाच. ट्यूबिंगच्या (विहिरीतल्या नळीच्या) तळाशी पाणी साचलेलं असतं, आणि बाटली पाण्याने भरून आल्यावर रडण्यात अर्थ नसतो. पाण्याच्या पातळीच्या वर, पण दाब ३७६० च्या पुरेसा वर असेल तिथेच थांबा. बंद विहिरीत वर यावं तसा दाब उतरतो, ०.९२ च्या हिशेबाने शंभर मीटरला ९२ पीएसआय. म्हणजे तुमच्याकडे परफोरेशनच्या वर जागा फार थोडी आहे.

किमान तीन सॅम्पल घ्या. नायट्रोजनने दाब धरून ठेवणारी सिंगल फेज बाटली मिळाली तर उत्तम. साध्या बाटलीत वर येताना तेल थंड होतं, दाब घसरतो आणि ते दोन फेजमध्ये (तेल आणि वायू) फुटतं. मग ट्रान्स्फरपूर्वी रिझर्व्हॉयरच्या तापमानाला काही तास गरम करत हलवत राहावं लागतं. अर्धवट मिसळलेलं ओतलं की पहिल्या सिलिंडरला एक रचना, दुसऱ्याला दुसरी. जागेवरच तिन्हींचा बबल पॉइंट एकाच तापमानाला काढा, जवळपास एकच यायला हवा. एखादा दोनशेने वेगळा आला तर विहीर अजून तिथेच आहे, पुन्हा सॅम्पलर सोडा.

मेणबत्ती
एक भर. तेलात मेण असेल तर थंड झालेली बाटली उघडून थोडंसं काढू नका. मेण तळाशी बसतं, वरचं हलकं तेल निघून येतं आणि जड भाग रिपोर्टमधून गायब होतो. आधी गरम करून हलवा. वाहतुकीच्या बाटलीत विस्तारासाठी दहा टक्क्यांच्या आसपास जागा लागते, ती लॅबला कळवा.

चोक_२४
धन्यवाद सगळ्यांना. तळाच्या सॅम्पलचा प्रस्ताव टाकतोय. तोवर लॅबमध्ये बनवलेलं जास्त वायूचं मिश्रण शिल्लक आहे, पण पहिल्या बाटलीत सेपरेटरचं तेल थोडंच उरलंय. सगळं नव्याने करायचं का?

बॅरल_कुठलं
गरज नाही. वायू काढता येत नसला तरी तेल घालता येतं. ८९०/७७४ = १.१५, म्हणजे शिल्लक मिश्रणात १०० सीसी सेपरेटर तेल असेल तर आणखी १५ सीसी. अट एकच: ते मिश्रण आजवर सिंगल फेजमध्येच राहिलेलं असावं आणि त्यातून काही काढलं असेल तर तेही सिंगल फेजमध्येच. डिफरन्शियल लिबरेशन झालेल्या सेलमधलं चालणार नाही, त्यातला वायू टप्प्याटप्प्याने बाहेर काढलेला असतो. घातल्यावर दाब बबल पॉइंटच्या बराच वर, पाच हजारांच्या आसपास नेऊन ११८ अंशांवर नीट ढवळायला सांगा. उरलेलं तेल कमी पडलं तर ३०८ वाली बाटली उघडा. २३१ वालीला हात लावू नका.