मीडची थोरवी वयात की मधात?

लष्करकर:
मीड, म्हणजे मध-पाणी आंबवून केलेलं मद्य, पुन्हा चर्चेत आहे; पुण्या-नाशिककडे कारखाने निघालेत. पण कौतुक कशाचं, तर 'जगातलं सर्वांत जुनं पेय'. चीनमधल्या जियाहूच्या मडक्यांत जे सुमारे 9000 वर्षांपूर्वीचे अंश सापडले, ते निव्वळ मधाचे नव्हते. तांदूळ, मध आणि फळ यांचं मिश्रण होतं. शिवाय मध कायमचा महाग. आग्या मोहोळ काढायला कडा चढावा लागतो, मोहाचं फूल झाडाखाली आयतं पडतं. मध्य प्रदेशात मोहाची दारू रुजली ती म्हणूनच. युरोपातही द्राक्षं आणि जव मुबलक झाले तिथं मीड मागे पडलं. आजचं आकर्षण म्हणजे बहुतेक जुन्याचं वेड, एवढंच माझं म्हणणं.

मुरारची ताई:
जियाहूचं बरोबर, निष्कर्ष चूक. पोलंड बघा. तिथं मीडचे दर्जे मध-पाण्याच्या प्रमाणावर ठरतात. एक भाग मधाला अर्धा भाग पाणी घातलं तर पुलतोराक, आणि ते किमान 3 वर्षं मुरवायचं. तीन भाग पाणी घातलं तर च्वुर्न्याक, ते 9 महिन्यांत तयार. 2008पासून या नावांना युरोपीय संघाचं संरक्षण आहे. इथिओपियात गेशो नावाच्या झुडपाच्या पानाकाड्यांचा कडवटपणा देऊन केलेलं 'तेज' नावाचं मीड आजही सर्रास प्यायलं जातं. नुसत्या वेडापायी कुणी 3 वर्षं पिंप अडवून ठेवत नाही.

चंबळकाठ:
दोघंही मध विसरलात! मध्य प्रदेशातल्या मुरैना-भिंडकडचा मोहरीचा मध घ्या. त्यात ग्लुकोज जास्त, म्हणून लवकर थिजतो. बरणी 40 अंशांच्या पाण्यात ठेवली की सैल होतो. दीड किलो मध, 4 लिटर पाणी, मिळून साधारण 5 लिटर. हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, 1.090च्या आसपास दाखवेल (साधं पाणी 1.000). सगळी साखर संपली तर मद्यार्क सुमारे 12 टक्के.

बिघडतं ते इथं: मधात नायट्रोजन जवळजवळ नसतो. यीस्ट उपाशी राहिलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. त्यासाठी यीस्टला नायट्रोजन पुरवणारं खाद्य दर्जाचं डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट (शेतातलं खत अजिबात नाही), एकूण 5 ग्रॅम, चार हप्त्यांत: 24, 48 आणि 72 तासांनी, आणि शेवटचा हप्ता एकूण साखरेपैकी एक तृतीयांश संपल्यावर. भुकटी थेट टाकली तर विरघळलेला वायू एकदम सुटून फेस उतू जातो, आधी चमचाभर पाण्यात कालवून घ्या. दुसरा शत्रू उष्णता. 25 अंशांच्या वर गेलं की झोंबणारे जड अल्कोहोल तयार होतात, म्हणून ग्वाल्हेरच्या मे महिन्यात वातानुकूलनाशिवाय हे शक्य नाही. मोहरी फुलते थंडीत, मध येतो थंडीत, आंबवण्याचा हंगामही तोच. यापेक्षा चांगला जुळून आलेला योग सांगा!

आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं मध्य प्रदेशात गुन्हा आहे. हे सगळं परवानाधारकांसाठी.

लष्करकर:
चंबळकाठ, एक टप्पा राहिला. मोहोळाच्या मधात मेण आणि पराग असतात. मध-पाणी उकळून वरचा फेस काढला नाही तर पेय गढूळ राहतं. जुनी रीत तीच होती.

चंबळकाठ:
उकळल्यानं प्रथिनं गोठून पेय लवकर निवळतं, हे खरं. पण मोहरीच्या मधाचा जो तिखट वास, तो वाफेबरोबर गेला तर साखरपाण्यात आणि त्यात फरक काय उरला? मेण गाळणीनं निघतं. जंतूंची भीती असेल तर सुरुवातीलाच जोमदार यीस्ट भरपूर घाला, मधाचा सामू (पीएच) मुळात 4च्या आसपास, म्हणजे आम्लच असतो. गढूळपणाला बेंटोनाइट, म्हणजे गाळ खाली बसवणारी माती, आहे, नाहीतर तीनचार महिने धीर धरा.

मुरारची ताई:
पोलंडमध्ये उकळलेलं आणि न उकळलेलं, दोन्ही प्रकार मान्य आहेत. पण मोहरीच्या मधाला मीसुद्धा उकळी देणार नाही. आणि लष्करकर, किमतीचं बोलायचं तर दीड किलो मधात 5 लिटर होतं, एवढा खर्च द्राक्षांच्या चांगल्या वाइनलाही येतोच की.

लष्करकर:
द्राक्षं दरवर्षी वेल देतो. मध दुसऱ्या कुणाच्या फुलोऱ्यावर अवलंबून. ऐन फुलोऱ्यात मोहरीवर कीटकनाशक फवारलं की मधमाश्यांच्या पेट्या रिकाम्या. त्याचं उत्तर द्या, मग मानतो.