मदत हवी आहे: घरूनच माजी सैनिकांचा सन्मान कसा करू?

नमस्कार मंडळी. आम्ही नेरूळला राहतो. २६ जुलैला सोसायटीत कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम ठरला होता, पण पावसाच्या इशाऱ्यामुळे तो रद्द झाला. आमच्याकडे २६ जुलै म्हटलं की कारगिलच्या आधी २००५ चा पूर आठवतो, त्यामुळे कुणी वादही घातला नाही.

आता अडचण अशी, की चौथ्या मजल्यावरचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतले आहेत. १९७१ ला जंगी पलटणीबरोबर (म्हणजे त्या रेजिमेंटची पहिली बटालियन) आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते. गेल्या आठवड्यातच त्यांनी पदकांच्या फिती धुऊन, ब्लेझर इस्त्री करून खुर्चीवर टांगून ठेवलाय. कार्यक्रम नाही म्हटल्यावर "असू दे गं" एवढंच म्हणाले. आजींनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की राहवेना.

मुलांना जिन्यात उभं करून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही त्यांच्या रेजिमेंटची घोषणा द्यायला लावावी, असं मनात आहे. ऐंशीच्या घरातल्या माणसाला दचकवणं बरं का, ते कळत नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांना दहा मिनिटंच ऐकू येतं. बाल्कनीत झेंडा लावायला २०२२ पासून रात्रीचीही मुभा आहे, पण या वाऱ्यात तो फाटेल, आणि फाटका झेंडा लावायचा नसतो.

जमालपूरबद्दल त्यांना बोलतं करायला काय विचारावं? रेकॉर्डिंग फोनवरच करणार आहे. कुणी असं केलं असेल तर सांगा ना, परवाच २६ आहे.