शिक्षकांसाठी सागरी विज्ञान प्रशिक्षण : दोन दिवसांत काय बसवावं? (चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

कातळवाट

रत्नागिरी तालुक्यातल्या सहावी ते आठवीच्या 24 विज्ञान शिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरवायचं आहे. बहुतेक शाळा समुद्राच्या जवळ आहेत, तरी मुलांना किनाऱ्यावर नेऊन शिकवणं फारसं होत नाही. कच्चं वेळापत्रक असं : पहिला दिवस व्याख्यानं, दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ते 3 खडकाळ किनारा. तारीख ठरलेली नाही, साधनांसाठी पैसे बेताचेच. प्रात्यक्षिक कोणतं ठेवावं? आणि शाळेत परतल्यावर शिक्षकांनी ते खरंच करावं यासाठी काय करता येईल?

सुकतीची वेळ

आधी तारीख ठरवा, बाकीचं मग. दुपारी 12 ते 3 ही वेळ आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ नेहमीच चुकते, आणि का ते शिक्षकांना समजलं तर तोच प्रशिक्षणाचा पहिला पाठ झाला.

कोळी लोकांचा हिशेब सगळ्यांना माहीत असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. द्वादशीला नवाला भरती, तीनच्या सुमारास ओहोटी. म्हणजे दुपारी 12 ते 3 ओहोटी हवी असेल तर अष्टमी ते द्वादशी गाठावी लागते, आणि तेव्हा असतो भांग. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, खडकाचा खालचा पट्टा उघडाच पडत नाही. शिक्षकांना वरचे बार्नकल (खडकाला चिकटलेले कवचाचे छोटे जीव) तेवढे दिसतील.

उधाण अमावस्या-पौर्णिमेचं, पण त्या दिवशी ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी. म्हणून द्वितीया ते चतुर्थी पकडा. उधाणाचा जोर टिकून असतो (सगळ्यात मोठं उधाण बहुधा अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं) आणि ओहोटी साधारण सव्वासात ते पावणेनऊच्या दरम्यान मिळते. पाऊणपटीचा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा. वेळेबरोबर उंचीचा आकडाही बघा; दिवसातल्या दोन्ही ओहोट्या सारख्या खोल नसतात. मुंबईचे आकडे रत्नागिरीला लावू नका, दक्षिणेकडे पल्ला कमी होत जातो.

किनाऱ्यावर ओहोटीच्या दीड तास आधी उतरा, उतरत्या पाण्यामागे खाली जा, आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात वर या. भरती सारख्या वेगाने चढत नाही : सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. पहिला तास संथ वाटतो, त्यालाच माणूस फसतो.

चौकट

प्रात्यक्षिक एकच ठेवा, पण पुरं करा : दोरी आणि चौकट, म्हणजे दोरीवर ठरावीक अंतराने चौकट ठेवून तिच्या आतले जीव मोजायचे. 24 जणांचे चौघाचौघांचे सहा गट.

चौकट अर्धा इंची पीव्हीसी पाइपाची, आतलं माप 50 × 50 सेंमी. पाइपाची टोकं एल्बोत (कोपऱ्याच्या जोडात) शिरतात, म्हणून एक बाजू आधी जोडून मोजा आणि मग बाकीचे तुकडे कापा. प्रत्येक बाजूला 10, 20, 30, 40 सेंमीवर भोक पाडून रंगीत नायलॉन दोरी ओवा. 25 घरं होतात, एक घर 4 टक्के. सुतळी नको, भिजली की सैल पडते आणि घरं वाकडी होतात. पारदर्शक तंगूस (मासेमारीचा धागा) खडकावर दिसत नाही. पाइपाला खालून दोन-तीन भोकं ठेवा, नाहीतर डबक्यात चौकट तरंगते.

भरतीच्या खुणेपासून पाण्याकडे 30 मीटर दोरी सरळ टाका, दर 5 मीटरवर चौकट. चौकट फेकायची नाही. फेकणारा नकळत छान दिसणारी जागा निवडतो, शिवाय कुणाच्या पायाला लागते. शंख आणि खेकडे मोजा; बार्नकल, कालवं, शेवाळ यांनी किती घरं व्यापली ते टक्क्यांत लिहा. काही नसेल तर 0 लिहा. रिकामी सोडलेली जागा आणि 0 यांत फरक आहे, नंतर तक्ता भरताना तोच गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त चुकतो तो टक्क्यांचा अंदाज. पहिली चौकट दोघांनी एकमेकांना न दाखवता भरावी. 10 टक्क्यांहून जास्त फरक आला तर बोलून परत भरावी. ही पंधरा मिनिटं वाचवू नका. प्रजातींच्या नावांवर मात्र अडून बसू नका. "चपटी टोपी", "काळा गोल शंख" अशी गटाने ठरवलेली नावंही चालतात, फक्त सहाही गटांची एकच हवीत.

पायांत बंद बूट. कालवांच्या कडा चपलेतूनही कापतात. कोन शंख हातात घ्यायचा नाही, त्याचा डंख विषारी असतो. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

खारं पाणी

वरचं सगळं पटलं, पण अख्खा दिवस व्याख्यानं कशाला? तासाभरात भरती-ओहोटी आणि किनाऱ्याचे पट्टे सांगून होतात. उरलेल्या वेळात शिक्षकांनी एकमेकांना शिकवून दाखवावं : प्रत्येक गटाने 20 मिनिटांचा पाठ, बाकीचे सातवीची मुलं. "मुलं काय करतील" हे लिहून आणायला सांगितलं की निम्मे पाठ भाषण म्हणून लगेच उघडे पडतात.

वर्गातला एक प्रयोग जरूर घ्या. 1 लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण समुद्राइतकं खारं. खडेमीठ वापरा, दळलेल्या मिठाने पाणी गढूळ दिसतं. पारदर्शक बरणी निम्मी भरा आणि रंग घातलेलं गोडं पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. थर वेगळे राहतात. वरून धार धरली की मिसळलंच, आणि शिक्षक म्हणतात प्रयोग फसवा आहे. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वर गोडं आणि खाली खारं पाणी का असतं, ते इथे हातात दिसतं.

कातळवाट

तारीख तृतीयेची धरतो, पहिला दिवस वर्ग आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किनारा. पण सात-आठ शाळा खाडीकाठच्या आहेत, खडक नाहीच. त्यांनी काय करावं?

चौकट

तीच चौकट खारफुटीत चालते. तिवराच्या झाडाखाली वर आलेली श्वसनमुळं मोजा, खोडापासून 1, 3, 5 मीटरवर. सोबत खेकड्यांची बिळं. मुळं तुडवायची नाहीत, म्हणून चौकट कडेच्या बांधावरून पोचेल तिथेच. तिवराच्या पानाला जीभ लावली की खारट लागतं, पान मीठ बाहेर टाकतं. मुलं हे विसरत नाहीत. चिखल गुडघ्यापर्यंत असेल तिथे जाऊ नका.

परवानगीचं आधीच बघा. खारफुटीच्या जागेसाठी वन विभागाला पत्र द्या. मालवणला न्यायचा बेत कधी झाला तर तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, त्याची परवानगी वेगळी. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, मेलेला तुकडाही शाळेच्या कपाटासाठी उचलायचा नाही.

सुकतीची वेळ

शाळेत परत गेल्यावर काय, याचं उत्तर राहिलं. प्रशिक्षण संपायच्या आत प्रत्येक शिक्षकाने तक्ता बघून पुढच्या तीन महिन्यांतल्या आपल्या दोन तारखा लिहून द्याव्यात, मुख्याध्यापकांच्या सहीसाठी पत्राचा मसुदा तिथेच भरावा, आणि आपल्या गटाची चौकट बारीने न्यायचं ठरवावं. सकाळी सातची वेळ शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही, तेव्हा शनिवारची सकाळची शाळा त्याच तिथींना येते का तेवढं आधी जुळवा. दर 8-10 मुलांमागे एक मोठं माणूस हवं, त्यात गावातली एखादी कालवं काढणारी बाई असली तर फारच उत्तम. कोणत्या खडकावर पाणी कधी चढतं ते तिला तोंडपाठ असतं.