मदत हवी आहे: माल वाहणाऱ्या रोबोंचं वायरलेस मधेच तुटतंय

जानेवारी 2025 ला पुण्यात आर्मी डे परेडमध्ये सैन्याचे चार पायांचे म्यूल रोबो पाहिले तेव्हापासून डोक्यात हेच आहे, रसद नेणाऱ्या रोबोंचा ताफा एकमेकांशी बोलणार कसा. आम्ही चाकांचे तीन छोटे रोबो बनवलेत, ईएसपी32 वर (वायरलेस असलेली छोटी कंट्रोलर चिप), 2.4 गिगाहर्ट्झ. मोकळ्या मैदानात ठीक चालतं पण मधे बांध किंवा ओलं गवत आलं की मागचा जागीच थांबतो. अँटेना जमिनीपासून जेमतेम 30 सेंटीमीटर, आणि 100 मीटरवर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधली, सिग्नलसाठी मोकळी लागणारी फुगीर जागा) त्रिज्याच पावणेदोन मीटरच्या आसपास येते, म्हणजे निम्मा सिग्नल मातीतच जातो असं वाटतंय. मधल्या रोबोला रिले करू (तो सिग्नल घेऊन मागच्याला देईल) की लोकेशन आणि थांबा-चला एवढंच 866 मेगाहर्ट्झ लोरावर (थोडाच डेटा पण लांबपर्यंत नेणारा रेडिओ) टाकू? कोणी केलंय का, प्लीज सांगा.